हॉस्टेलसाठी ७०-७५ हजारांत गेमिंग लॅपटॉप, दुकानासाठी ३० हजारांत साधा – काय बघून घ्यावा?

निपाणीकर_०८
नमस्कार मंडळी. दोन लॅपटॉप बघूलोय. एक धाकट्या भावासाठी. बेळगावात मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहणार. ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स ही ड्रॉइंगची (कॅड) सॉफ्टवेअरं आणि रात्री व्हॅलोरंट, जीटीए ५ हे गेम. बजेट ७०-७५ हजार. दुसरा अप्पांच्या दुकानासाठी, टॅली आणि जीएसटीचं काम, ३० हजारांच्या वर जायचं नाही. बेळगावच्या गणपत गल्लीत विचारलं, कोल्हापुरातही विचारलं. सगळीकडे ‘आय-५ (प्रोसेसर) आहे, आरटीएक्स (ग्राफिक्स कार्ड) आहे’ एवढंच उत्तर. कार्ड तेच, रॅम तेवढीच, मग दोन मशीनमध्ये दहा-बारा हजारांचा फरक कशाचा?

टिळकवाडी_टेक
बहुतेक वॅटचा, म्हणजे कार्डाला किती वीज मिळते त्याचा. लॅपटॉपमधली आरटीएक्स ४०५० कंपनी ३५ पासून ११५ वॅटपर्यंत कितीवरही बांधू शकते. पातळ, स्वस्त मशीनमध्ये तेच कार्ड ४५ वॅटवर अडवलेलं असतं आणि डब्यावर नाव मात्र तेच. दुकानात डेमो मशीन चालू असेल तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये ‘मॅक्झिमम ग्राफिक्स पॉवर’ लिहिलेलं असतं. ४०५० ला ८० च्या खाली आकडा दिसला तर सरळ दुसरं मशीन बघा.

मग स्क्रीन. ‘४५ टक्के एनटीएससी, २५० निट्स’ असं लिहिलेलं पॅनेल फिकट असतं, खिडकीजवळ बसलं की ड्रॉइंगच्या बारीक रेषा दिसत नाहीत. १०० टक्के एसआरजीबी (रंगांचं माप) आणि ३०० निट्स (उजेडाचं माप) मागा. १४४ हर्ट्झ (सेकंदाला १४४ वेळा चित्र बदलणं) तर आता सगळेच देतात, त्याला भुलू नका.

रॅम १६ जीबी हवीच, पण एक १६ ची पट्टी की दोन ८ च्या, हे विचारा. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, मग मेमरी, तिथे किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. एकाच पट्टीवर व्हॅलोरंटसारखा प्रोसेसरवर चालणारा गेम मधेमधे अडखळतो. पट्टी नंतर वाढवायची तर डीडीआर४ च्या जागी डीडीआर५ बसत नाही, आणि बोर्डावर सोल्डर केलेली असेल तर विषयच संपला.

भावाच्या गेमसाठी ३०५० चं ६ जीबीवालं कार्डसुद्धा पुरेल. ४ जीबीवालं टाळा. टेक्श्चर (गेममधल्या रस्ते-भिंतींची चित्रं) कार्डात मावले नाहीत की साध्या रॅममध्ये जातात आणि गाडी वळवताना चित्र गोठतं. ५१२ जीबीची एसएसडीही लवकर भरते, एकटा जीटीए शंभर जीबीच्या आसपास जागा खातो. आणखी एक एसएसडी बसवायला दुसरा एम.२ स्लॉट रिकामा आहे ना, बघून घ्या.

उद्यमबाग_पाना
वरचं सगळं बरोबर, पण हॉस्टेलचं कोण बघणार? या मशीनचा अडॅप्टर १५० ते २३० वॅटचा, वजनाने वीट. काहींना १६ अँपिअरची जाड पिन येते, ती खोलीतल्या साध्या सॉकेटमध्ये जात नाही. म्हणून डबा उघडतानाच पिन बघा. वर्गात न्यायला टाइप-सीवर चार्ज होणारं मशीन निवडलंत तर ६५ किंवा १०० वॅटचा छोटा चार्जर दिवसभराच्या लिखापढीला भागतो. गेम मात्र त्याच्यावर नाही. बॅटरीवरही नाही, कार्ड आपोआप वॅट कमी करतं आणि फ्रेम (सेकंदाला दिसणारी चित्रं) निम्म्यावर येतात. लाईट गेली की खेळ बंद, हे भावाला आधीच सांगून ठेवा. इन्व्हर्टर असेल तर साइन वेव्हचा, स्क्वेअर वेव्हवर असे अडॅप्टर गुणगुणतात आणि तापतात.

तापमान: खेळताना प्रोसेसर ९० च्या वर गेला म्हणून घाबरायचं कारण नाही. त्रास होत असेल तर पॉवर प्लॅनमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ ९९ टक्के करा. टर्बो (प्रोसेसरचा जादा वेग) बंद होतो आणि उष्णता बरीच उतरते. फ्रेमही १४४ वर बांधा. गादीवर ठेवून खेळू नये, खालच्या जाळीतून हवा ओढली जाते. आणि इंटर्नशिपला फाउंड्रीत किंवा लेथजवळ लॅपटॉप उघडा ठेवायचा नाही. लोखंडाची भुकटी पंख्यात गेली तर ती विजेला वाट देते, साध्या धुळीसारखी निरुपद्रवी नसते.

सतत प्लगवर राहणार असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवायची सोय चालू करा.

खानापूर_रोड
अप्पांच्या दुकानासाठी नवीन घेऊ नका. ३० हजारांत नवीन म्हणजे लंगडा प्रोसेसर आणि ८ जीबी सोल्डर केलेली रॅम. त्यापेक्षा रिफर्बिश्ड (वापरलेला, दुरुस्त करून विकलेला) थिंकपॅड किंवा लॅटिट्यूड लॅपटॉप घ्या की. फक्त इंटेलची आठवी पिढी किंवा पुढची. आय-५ ८२५० चालेल, ७२०० नाही, यातला पहिला आकडा म्हणजे पिढी. विंडोज ११ सातव्या पिढीला अधिकृतपणे मिळत नाही आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्वस्तात मिळणारे ‘आय-५’ बहुतेक सहावी-सातवी पिढीच असतात, पिढीवर कोणी बोलत नाही.

पैसे द्यायच्या आधी कमांड प्रॉम्प्टमध्ये पॉवरसीएफजी, मग स्पेस, स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट टाईप करा (इंग्रजीत). एक रिपोर्टची फाइल तयार होते, ती उघडली की बॅटरीची मूळ क्षमता आणि आताची क्षमता दिसते. ७० टक्क्यांच्या खाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत कापून मागा.

बिलाचं एक. दुकानाच्या नावावर घेणार आणि कोल्हापुरात काउंटरवर महाराष्ट्राचा सीजीएसटी-एसजीएसटी लागला, तर कर्नाटकातल्या नोंदणीवर त्याची वजावट मिळणार नाही. १८ टक्के जातात. बेळगावातून घ्या, किंवा ऑनलाइन आपला जीएसटी नंबर घालून आयजीएसटीचं बिल घ्या.

निपाणीकर_०८
होय की, बिलाचं डोक्यातच नव्हतं. आता भाऊ म्हणतोय एक लाखापर्यंत जाऊया. अर्थ आहे काय? आणि एक दुकानदार ‘डॉस’वालं, म्हणजे विंडोज नसलेलं, मशीन चार हजारांनी कमी देतोय.

टिळकवाडी_टेक
लाखात ८ जीबीचं कार्ड मिळत असेल, म्हणजे ४०६० किंवा ५०६०, आणि भाऊ नवे जड गेम खेळणार असेल तर अर्थ आहे. व्हॅलोरंट आणि पहिल्या वर्षाच्या कॅडसाठी नाही. उरलेल्या पैशांत दुसरी एसएसडी, कूलिंग स्टँड आणि तीन वर्षांची वॉरंटी घ्या. वॉरंटी घरी येऊन दुरुस्तीची की सर्व्हिस सेंटरला नेऊन द्यायची, ते लेखी घ्या.

डॉसवालं नको. दुकानदार त्यात चोरीचं विंडोज टाकून देतो, कधी जुन्या लेगसी मोडमध्ये, ज्यात सिक्युअर बूट चालत नाही. विंडोज ११ वर व्हॅलोरंटला टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी चालू लागतात. सिक्युअर बूट बंद असलं की ‘व्हॅन ९००३’ असा एरर येतो आणि गेम उघडतच नाही.