भाड्याचं घर, खिळा ठोकायला बंदी. भिंती सजवायच्या कशा?

शेंगाचटणी:
जुळे सोलापुरात वरच्या मजल्यावर वन बीएचके घेतलंय. घरमालकीण काकू तशा प्रेमळ, पण चावी देतानाच म्हणाल्या, "खिळा मारलात तर डिपॉझिटमधून कापेन." भिंतींना डिस्टेंपर आहे, हॉलची मोठी भिंत पश्चिमेला. दोन-तीन फ्रेम, एक आरसा आणि त्या मोठ्या भिंतीवर काहीतरी, एवढंच हवंय. चिकटवायचे हूक चालतील का?

सातरस्ता:
आधी भिंतीवर बोट घासून बघा. पांढरी भुकटी लागली तर हूक विसरा. गोंद भिंतीला नाही, त्या भुकटीला चिकटतो. एक तर हूक पडतो, नाहीतर काढताना रंगाचा पापुद्रा घेऊन येतो. खिळ्याचं भोक लांबीने (पुट्टीने) दोन मिनिटांत बुजतं, पापुद्रा निघाला की अख्खी भिंत रंगवायला लागते. काकूंना हे नीट सांगितलंत तर कदाचित एक खिळा मंजूर होईल!

भरदुपार:
आणि ऊन विसरू नका. हुकांमागे लावायच्या, ताणून काढता येणाऱ्या चिकट पट्ट्या मिळतात, त्यांच्या पाकिटावर साधारण १० ते ४० अंश अशी मर्यादा असते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो, वर पश्चिमेची भिंत. तिथे काचेची फ्रेम चिकटवू नकाच. स्वयंपाकघरातल्या टाइल्सवर किंवा कपाटाच्या सनमायक्यावर मात्र पट्ट्या छान बसतात. आधी स्पिरिटने पुसा, अर्धा मिनिट दाबा, तासाभराने वजन द्या. काढताना पट्टीचं टोक भिंतीलगत सरळ खाली हळूहळू ताणायचं, आपल्याकडे ओढायचं नाही.

हातमाग:
सोलापुरात राहून मोठ्या भिंतीचा प्रश्न पडावा? जॅकार्डवर, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावर विणलेलं वॉल हँगिंग घ्या की! चादर-टॉवेलच्या दुकानांत मिळतं, काच नाही, वजन कमी. भिंतीला हातही लावायचा नाही. माळ्याच्या कडेला सी-क्लॅम्प (स्क्रूने आवळायची पकड) लावून दोरीने खाली सोडा, क्लॅम्पखाली पुठ्ठ्याचा तुकडा. पडद्याचा जुना रॉड असेल तर आणखी सोपं. चादर लटकवायचा मोह होईल, पण ती जड असते आणि मध्ये झोळ येतो. ती दिवाणावरच शोभते.

शेंगाचटणी:
माळा आहे, पण दुसऱ्या भिंतीला. पश्चिमेला फक्त खिडकी, तिला ग्रिल आणि वर पडद्याचा रॉड.

हातमाग:
मग वॉल हँगिंग माळ्याखालीच जाऊ द्या. पश्चिमेच्या उन्हात तसेही रंग विटतात. तिथे जाड पडदा लावा, गडद रंगाचा. सजावट झाली आणि दुपारी खोलीही जरा निवते. ग्रिलला आतून दिव्यांची माळ गुंडाळा, संध्याकाळी बरी दिसते.

सातरस्ता:
आरसा उंच घ्या आणि जमिनीवर ठेवून भिंतीला टेकवा. खाली रबराची पट्टी, वरच्या कडेला फेल्टचे तुकडे, नाहीतर डिस्टेंपरवर काळा ओरखडा उठतो. घरात लहान मूल असेल तर हे करू नका, आरसा कपाटाच्या दारालाच बसवून घ्या.

शेंगाचटणी:
मूल नाही, मांजर आहे.

सातरस्ता:
मग कपाटाचं दारच. फ्रेम मांडायला शिडीसारखं उभं लाकडी स्टँड बघा, घर बदललं की सोबत येतं. आणि आज सामान लावायच्या आधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून काकूंना व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. आधीची भोकं, ओल, पोपडे सगळं दिसू द्या.

शेंगाचटणी:
बेडरूममध्ये आधीच्या भाडेकरूचे खिळे निघाले! तेही पाठवते. वॉल हँगिंगसाठी माळ्याची लांबी मोजून रविवारी बाजारात जाते.