शब्दचर्चा: ‘वयात आला’, ‘जाणता झाला’ की ‘शिंगं फुटली’?

पडदेवाला:
मंडळाच्या अंकासाठी ‘ब्लाइंडेड बाय द लाइट’वर लिहितोय. गुरिंदर चढ्ढा यांचा २०१९ चा सिनेमा, सरफराज मंझूर यांच्या आठवणींच्या पुस्तकावर बेतलेला. १९८७ सालचं इंग्लंडातलं लूटन, पाकिस्तानी घरातला जावेद, वडील व्हॉक्सहॉलच्या मोटार कारखान्यात. कॉलेजातला शीख मित्र रूप्स त्याला अमेरिकन रॉक गायक ब्रूस स्प्रिंगस्टीनच्या कॅसेटी देतो आणि पोरगं पार बदलून जातं. अशा सिनेमाला इंग्रजीत ‘कमिंग-ऑफ-एज’ म्हणतात. मी लिहिलं, ‘रॉक संगीताने प्रेरित झालेल्या स्थलांतरित मुलाच्या वयात येण्याची कथा’. बायकोने वाचलं आणि विचारलं, आरोग्य खात्याचं पत्रक आहे का हे? दुसरं काय लिहावं?

खडूस मास्तर:
वहिनींना माझा पाठिंबा कळवा. ‘वयात येणं’ हे आपल्याकडे शरीराचं असतं, आणि मुलीच्या बाबतीत तर स्थळं बघायची सूचनाच. ‘सज्ञान’ कोर्टाचा शब्द. राहता राहिली ‘पौगंडावस्था’. तिची गंमत अशी की भागवताच्या टीकांमध्ये येणाऱ्या एका श्लोकात पाचव्या वर्षापर्यंत कौमार, दहाव्यापर्यंत पौगंड, पंधरापर्यंत कैशोर आणि पुढे यौवन अशी वाटणी आहे. म्हणजे त्या हिशेबाने पौगंड म्हणजे चौथीतलं पोर. आपण मानसशास्त्राच्या पुस्तकांसाठी तो शब्द ओढून सोळा-सतरापर्यंत नेला. तुमचा जावेद त्यात बसणार नाही.

‘जाणता होणं’ घ्या. ‘अजाण’च्या समोर नेमकं उभं राहतं.

चिंचवडकर:
मास्तर, ‘जाणता’ म्हटलं की लोकांना पुढे ‘राजा’च ऐकू येतो. सिनेमात पोरगा बापाशी भांडतोय, त्याला आमच्याकडे सरळ ‘शिंगं फुटली’ म्हणतात. मिसरूड फुटायच्या आधी शिंगं फुटतात!

ओवी-टिपण:
इथे एक गोष्ट बघा. ‘वयात आला’, ‘जाणता झाला’, ‘शिंगं फुटली’, ‘हाताशी आला’, सगळी वाक्यं मोठ्यांनी पोराबद्दल बोललेली. ‘मला शिंगं फुटली’ असं कोणी स्वतःबद्दल म्हणत नाही, ‘मी वयात आलो’ असंही कोणी सांगत नाही. स्वतःच्या तोंडी एकच शोभतं: ‘मला कळायला लागलं’. मराठी आत्मचरित्रं उघडून बघा, ‘कळायला लागलं तेव्हापासून…’ पानोपानी सापडेल.

आता सिनेमा. बापाच्या नजरेने तो शिंगं फुटल्याचा, कारण पोराने कमावलेला पैसा घरखर्चाच्या डब्यात पडायचा ही तिथली रीत, आणि हा म्हणतो मी लेखक होणार. आईच्या नजरेने तो हाताशी आलेला. ती स्वतः घरी शिवणकाम करून डोळे फोडून घेतेय. पण गोष्ट सांगतोय जावेद. म्हणून ‘कळायला लागलं’. आणि त्याला कळतं काय? आपल्या बापालाही कधी काही व्हायचं होतं, हे. नुसतं स्वतःचं वय कळलं असतं तर तो सिनेमा मी अर्ध्यात सोडला असता.

पडदेवाला:
ओवीताई, हे झकास. मग ‘स्थलांतरित’चं काय करू?

खडूस मास्तर:
स्थलांतर फ्लेमिंगोही करतात. ‘आप्रवासी’ विमानतळावरच्या फलकापुरता. ‘उपरा’ जिवंत शब्द आहे, पण लक्ष्मण माने यांच्या आत्मकथनानंतर त्याच्या मागे पाठीवर बिऱ्हाड घेऊन फिरणाऱ्या कैकाडी समाजाचं जगणं उभं आहे. तो लूटनला सहज उचलून नेऊ नये असं माझं मत.

साता समुद्रापार:
मास्तर, मत मान्य, पण ‘उपरा’ची कळ त्या सिनेमात आहे. शेजारची पोरं दाराच्या टपालफटीतून लघवी करतात आणि घरातल्यांना ते नवीन नसतं. जमिनीवर प्लॅस्टिक अंथरून ठेवलेलं असतं. बहिणीच्या लग्नाच्या दिवशी नॅशनल फ्रंटचा, म्हणजे बाहेरून आलेल्यांचा द्वेष करणाऱ्या गोऱ्यांच्या पक्षाचा, मोर्चा निघतो आणि बापाला मार बसतो. इंग्लंडात राहणाऱ्या आमच्यासारख्यांना ‘स्थलांतरित’ वाचून काहीच होत नाही. मंझूर स्वतः लायलपूरला जन्मले, लहानपणी इकडे आले. तुम्ही सरळ ‘लूटनच्या पाकिस्तानी घरातला’ लिहा. घर म्हटलं की डबा, शिवणयंत्र, कारखाना सगळं आलं.

चिंचवडकर:
कारखान्यावरून आठवलं. बापाची नोकरी जाते तिथे ‘बेरोजगार झाला’ लिहू नका हो. ‘कमी केलं’ लिहा. आमच्या पट्ट्यात कोणी विचारलं तर माणूस खाली बघून एवढंच म्हणतो, ‘कमी केलं’. कोणी केलं ते सांगत नाही.

ओवी-टिपण:
आणि ‘प्रेरित’? तो तर पहिला काढा. प्रेरित होतात ते सत्काराच्या भाषणात. मराठीत यासाठी ‘नाद’ आहे. नाद म्हणजे आवाज आणि नाद म्हणजे वेडही. आणखी काय पाहिजे? बाप म्हणेल ‘नादाला लागला’, रूप्स कोल्हापूरचा असता तर म्हणाला असता ‘नाद खुळा!’ शब्द एकच, एकाच्या तोंडी शिवी, दुसऱ्याच्या तोंडी शाबासकी.

खडूस मास्तर:
याला माझा शून्य विरोध. (नोंद घ्यावी, वारंवार होत नाही.)

पडदेवाला:
आता शेवटचं. सिनेमाच्या नावाला मी कंसात ‘प्रकाशाने आंधळा’ दिलंय.

साता समुद्रापार:
अरे देवा. ‘डोळे दिपले’ असताना आंधळा कशाला करताय त्याला? ऑक्टोबर १९८७ च्या त्या मोठ्या वादळाची रात्र आठवा. कविता फेकून दिल्यात, बाहेर झाडं आडवी होतायत, हा वॉकमन कानाला लावून उभा, आणि गाण्याचे शब्द त्याच्याभोवती भिंतींवर उमटतायत. तिथे तो दिपतो. पण दिपलेल्या डोळ्यांना बाकीचं काही वेळ दिसत नाही, हेही त्या शब्दात आहे. बापाला मार पडला तेव्हा हा कुठे होता? ब्रूसची तिकिटं काढायला. आंधळा झालेला माणूस परत बघत नाही, दिपलेला बघतो. सिनेमाचं नाव ज्यावरून घेतलं ते मूळ गाणं स्प्रिंगस्टीनच्या १९७३ च्या पहिल्याच अल्बममधलं. त्यातल्या शब्दांचा अर्थ लावत बसू नका, तिकडचेही अजून ऐकण्यात घोळ घालतात.

पडदेवाला:
ठरलं. ‘डोळे दिपले’ हा मथळा, आणि खाली: ‘लूटनच्या पाकिस्तानी घरातल्या जावेदला ब्रूस स्प्रिंगस्टीनचा नाद लागला, आणि त्या नादात बापही कळायला लागला.’

खडूस मास्तर:
‘आणि’च्या आधीचा स्वल्पविराम काढा.