मदत हवी आहे: लेझर शस्त्राची ताकद वाढवली की काम झालं का?

मंडळी, भाचीला कॉलेजात लेझर शस्त्रांवर सेमिनार द्यायचाय, आणि मामाला फिजिक्स येतं असा तिचा गोड गैरसमज आहे. १३ एप्रिल २०२५ रोजी डीआरडीओने कर्नूलला ३० किलोवॉटच्या लेझरने ड्रोन पाडून दाखवलं, इथवर निभावलं. पुढे गाडी अडली.

धुकं, धूळ, पावसात किरण विखुरतो, हे कळतं. पण वाटेतली हवा तापून किरण आपसूकच फाकतो ना? मग १००-३०० किलोवॉटवर गेलं तर हवा आणखीच तापणार! की अनेक फायबर लेझरचे (काचेच्या बारीक तंतूत किरण तयार करणाऱ्या लेझरचे) किरण एकत्र आणताना यावर काही तोड निघते? शिवाय वीज किरणाच्या दुप्पट-तिप्पट खाणार. ती वाया जाणारी उष्णता, शस्त्र ट्रकवर बसवलेलं असताना, जिरवतात कुठे?

जाणकारांनी जरा सोप्या मराठीत सांगा. सेमिनार शुक्रवारी आहे.