मदत हवी आहे: पीकॉक सिक्लिडचा निळा रंग उतरत चाललाय

नमस्कार मंडळी. नाशिकला सिडकोत राहतो. घरी माशांचा चार फुटी टँक आहे, त्यात आफ्रिकेतल्या मालावी सरोवरातल्या जातीचे सहा पीकॉक आणि चार इलेक्ट्रिक येलो (पिवळे सिक्लिड). येलो झकास आहेत, जीव टांगणीला लागलाय तो पीकॉकमुळे. चार महिन्यांपूर्वी आणले तेव्हा जेमतेम दोन इंचांचे होते, तरी सगळे गडद निळे. आता पाच राखाडी पडलेत. एकच नर रंग धरून आहे आणि तो बाकीच्यांना कोपऱ्यात दाबून ठेवतो.

एवढ्या लहान वयात पीकॉक सहसा पूर्ण रंगत नाहीत. मग विकण्याआधी त्यांना (माद्यांनाही नरासारखा रंग आणणारं) हार्मोन दिलं असेल का? तसं असेल तर राखाडी झालेल्यांत माद्याही असणार; त्या ओळखायच्या कशा? की सगळे नरच आहेत आणि या एकाच्या धाकाने बाकीच्यांचा रंग दबलाय? त्याला आठवडाभर वेगळं ठेवून पाहू का?

पाणी नळाचंच, क्लोरीन काढून. पीएच ७.४ येतो, मालावीत तो साधारण ७.७ ते ८.६ असतो. पीएच वाढवायला फिल्टरमध्ये प्रवाळाचा चुरा घालायचं मनात आहे, पण सुरुवात किती चुऱ्याने करावी? तापमान २६ अंश. नाशिकच्या थंडीत हीटरशिवाय निभावच नाही. खाणं स्पिरुलिनाचे पेलेट, दोन वेळा. तळाला पांढरी वाळू आहे. उजळ तळावर मासे फिकट दिसतात, म्हणून काळी आणायची तयारी आहे, पण सगळं एकदम बदलून त्यांना ताण द्यायचा नाही.

आधी कशाला हात घालू? ज्यांनी पीकॉक वाढवलेत त्यांनी कृपया सांगा. फोटो उद्या सकाळी टाकतो.