बॉस्टन, न्यू यॉर्क, फिलाडेल्फिया: कामाच्या आठवड्यात मित्र, जेवण आणि बेसबॉल कसे बसवावे?

सांजवारा (प्रश्न)

सर्वांना नमस्कार. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात कामानिमित्त मला तीन शहरे करायची आहेत: सोमवार-मंगळवार बॉस्टन, बुधवार-गुरुवार न्यू यॉर्क आणि शुक्रवारी दुपारपर्यंत फिलाडेल्फिया. परतीचे विमान शनिवारी सकाळी फिलाडेल्फियाहूनच आहे. सोमवारी आणि बुधवारी रात्री ग्राहकांबरोबर जेवण ठरलेले असून ते टाळता येणार नाही. बॉस्टनला माझी वसतिगृहातली मैत्रीण आहे, न्यू यॉर्कला जुन्या कचेरीतले दोन सहकारी आहेत आणि फिलाडेल्फियाला शाळेपासूनचा एक मित्र आहे, ज्याची माझी बारा वर्षांत प्रत्यक्ष भेट झालेली नाही.

गेल्या वर्षी अशाच दौऱ्यात मी प्रत्येकाला तास-दीड तास दिला. मैत्रिणीची आई वर्षभर आजारी होती, हे मला निघताना दारात बूट घालत असताना कळले. तसे पुन्हा होऊ नये, एवढीच इच्छा आहे. तिन्ही शहरांतून बेसबॉलच्या सामन्याचे निमंत्रण आहे आणि मी हा खेळ मैदानात कधी पाहिलेला नाही. एक सामना पाहावा की दोन, तो कोणत्या शहरात पाहावा, आणि मुख्य म्हणजे सामना पाहताना माणसांशी बोलणे होते का?

तिसरा बेस

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण बाकीचे सारे त्यावरच अवलंबून आहे. बोलणे होते, आणि उपाहारगृहातल्यापेक्षा चांगले होते. दोन चेंडूंमध्ये, दोन फलंदाजांमध्ये आणि प्रत्येक अर्ध्या इनिंगनंतर (इनिंग म्हणजे दोन्ही संघांची एकेक फलंदाजी) खेळ आपोआप थांबतो. समोरासमोर बसून विषय शोधावा लागत नाही, शेजारी बसून दोघांची नजर मैदानावर असते आणि अवघड गोष्टी अशा वेळी सहज बोलल्या जातात. माझ्या एका मित्राने नोकरी गेल्याचे मला सहाव्या इनिंगमध्ये सांगितले. जेवणाच्या टेबलावर त्याला ते जमले नसते, असे त्याने नंतर स्वतःच कबूल केले. म्हणून सामना हा भेटीव्यतिरिक्त आणखी एक कार्यक्रम समजू नका. ज्या संध्याकाळी सामना, त्या संध्याकाळी वेगळे जेवण ठरवू नका.

मात्र आधी वेळापत्रक पाहा. प्रत्येक संघ हंगामात १६२ सामने खेळतो आणि त्यांतले निम्मेच घरच्या मैदानावर असतात. मालिका बहुधा मंगळवार ते गुरुवार किंवा शुक्रवार ते रविवार अशी तीन सामन्यांची असते, आणि सोमवार किंवा गुरुवार अनेकदा प्रवासासाठी मोकळा ठेवतात. बॉस्टनचा संघ त्या मंगळवारी घरी असेल, तर मी दुसरा विचार करणार नाही. फेनवे पार्क १९१२ साली सुरू झाले आणि मोठ्या लीगमधले ते सर्वांत जुने मैदान आहे. डावीकडची ३७ फूट उंच हिरवी भिंत केवळ शोभेची नाही. इतरत्र सहज झेलला जाणारा उंच फटका तिथे भिंतीवर आदळून परत येतो आणि फलंदाज दुसऱ्या बेसपर्यंत, म्हणजे धावताना गाठायच्या चार थांब्यांपैकी दुसऱ्यापर्यंत, पोहोचतो. क्रिकेट पाहत वाढलेल्या माणसाला मैदानाच्या आकाराने खेळ कसा बदलतो, हे तिथे एका फटक्यात कळते. तिकीट घेताना खांबाआडची जागा नाही ना, एवढे तपासा. जुन्या स्टँडमध्ये तशा जागा आहेत. जाण्यासाठी ग्रीन लाइनचे केनमोर स्थानक जवळचे.

वेळेचे म्हणाल, तर २०२३ पासून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, प्रत्येक चेंडूसाठी घड्याळाची मर्यादा लागू झाली आणि नऊ इनिंगच्या सामन्याची सरासरी ३ तास ४ मिनिटांवरून सुमारे २ तास ४० मिनिटांवर आली. पावणेसात ते सव्वासातच्या दरम्यान सुरू झालेला सामना बहुतेक वेळा दहापर्यंत संपतो, त्यामुळे बुधवारी सकाळची न्यू यॉर्कची गाडी चुकण्याचे कारण नाही. त्या प्रवासाला साधारण चार तास धरा.

जमाखर्च

तिसरा बेस यांच्याशी मी सहमत आहे, पण एक सावधगिरी सुचवते. बुधवारचे ग्राहकांबरोबरचे जेवण आणि न्यू यॉर्कचा सामना एकत्र करण्याचा मोह होईल. तो करू नये. २०१८ पासून अमेरिकेत करमणुकीवरचा व्यावसायिक खर्च कंपनीला करातून वजा करता येत नाही. जेवणाचा निम्मा खर्च वजा होऊ शकतो, पण सामन्याच्या वेळी त्याचे बिल तिकिटापासून वेगळे असावे लागते. त्यामुळे लेखाविभाग पुढे प्रश्न विचारतो आणि तुम्ही परतल्यावर आठवडाभर पावत्या शोधत बसता. ग्राहक केंद्र सरकारचे कर्मचारी असतील, तर त्यांना एका वेळी २० डॉलर आणि एका देणाऱ्याकडून वर्षाला ५० डॉलर, याच मर्यादेत भेट घेता येते. तिकीट त्यात क्वचितच बसेल. मित्रांबरोबरच्या सामन्याचे पैसे स्वतःच्या खिशातून द्यावेत, म्हणजे ती संध्याकाळ पूर्णपणे तुमची राहते.

न्यू यॉर्कच्या सहकाऱ्यांना गुरुवारी रात्रीचे जेवण द्या. दोघे एकमेकांना ओळखत असल्याने तिथे शांत टेबल पुरेसे आहे. बिलावर १८ ते २० टक्के टिप धरूनच अंदाज बांधावा.

सांजवारा

दोघांचेही मनापासून आभार. आताच पाहिले: त्या मंगळवारी बॉस्टनचा संघ बाहेरगावी आहे, पण शुक्रवारी रात्री फिलाडेल्फियाचा संघ घरी खेळणार आहे. थोडी खंत वाटली. शाळेच्या मित्राबरोबर इतक्या वर्षांनी पहिलीच भेट मैदानात व्हावी का, हे मात्र ठरत नाही.

पेन्सिलवाला

अवश्य व्हावी, पण भेट दुपारपासून सुरू करा. काम संपल्यावर रीडिंग टर्मिनल मार्केटमध्ये दोघांनी उशिराचे जेवण घ्या. १८९३ पासूनचा तो बाजार शहराच्या मध्यावर आहे आणि एकाने चीजस्टेक (मांस आणि चीजचे सँडविच), दुसऱ्याने शाकाहारी काही घेतले तरी एकत्र बसता येते. नंतर ब्रॉड स्ट्रीटच्या भुयारी मार्गाने दक्षिणेकडच्या शेवटच्या स्थानकावर उतरलात की मैदान चालत गाठता येते.

लॅपटॉपची पाठपिशवी आधी हॉटेलवर ठेवा. एका मैदानाच्या फाटकावरून मला तेवढ्यासाठी परत पाठवले होते आणि पहिल्या तीन इनिंग मी गमावल्या. माझा मित्र आत एकटा बसून होता, याचे मला आजही वाईट वाटते.

एक पेन्सिल मात्र जवळ असू द्या. स्कोअरकार्ड मिळवून मित्राकडून नोंद ठेवायला शिका. प्रत्येक क्षेत्ररक्षकाच्या जागेला एक आकडा असतो: पिचर १, कॅचर (फलंदाजामागचा झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा ४, तिसरा ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला खेळाडू) ६ आणि मागचे तिघे डावीकडून उजवीकडे ७, ८, ९. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर आणि तिथून पहिल्यावर फेकत दोघांना बाद केले, तर ६-४-३ लिहायचे. फलंदाज बॅट न फिरवता तिसऱ्या स्ट्राइकवर (म्हणजे टोलवण्याजोगा तिसरा चेंडू सोडून) बाद झाला, तर के हे इंग्रजी अक्षर उलटे काढायचे. शिकवणारा आणि शिकणारा, दोघांचे डोके एकाच कागदावर झुकलेले असते. बारा वर्षांची गाठ सोडवायला याहून सोपी सुरुवात मला माहीत नाही.

बॉस्टनच्या मंगळवारची संध्याकाळ आता मोकळी झाली आहे. ती सगळी मैत्रिणीला द्या, आणि शक्य असेल तर तिच्या घरीच जेवा.

सांजवारा

तिला आत्ताच फोन केला. आई आता बरी आहे आणि मंगळवारी तीही जेवायला असणार आहे. शुक्रवारची दोन तिकिटे मित्राने घेतली आहेत, तिसऱ्या बेसच्या बाजूची.