पन्हाळ्याच्या शेतातलं काटेरी मोठं लिंबू, म्हाळुंग हाय का ईडलिंबू?

बांधावरचा_पाव्हणा:
मंडळी, पन्हाळ्याच्या बाजूला मामांच्या बांधावर एक जुनं झुडूप हाय, लई काटे, आणि फळ बघाल तर नारळाएवढं, पिवळं, वरून खडबडीत. कापलं तर आत रस नावालाच, सगळी पांढरी जाड सालच. मामी म्हणतेय ईडलिंबू, शेजारचे म्हणतायत जंगली हाय खाऊ नका. नक्की काय हाय, त्याचं करायचं काय आणि शिरोळच्या आमच्या रानात लावता येईल का?

पाटलाचा_मळा:
रस नाही आणि साल जाड म्हणजे म्हाळुंगच असणार भावा. अंबाबाईच्या मूर्तीचा खालचा उजवा हात बघितलाय का कधी? त्यात हेच फळ हाय, आपण रोज दर्शन घेतो आणि झाड दारात आलं की ओळखत नाही. जंगली म्हणून टाकून देऊ नका, उलट आपलं कागदी लिंबू आणि बाजारातलं पिवळं लेमन या दोघांच्या वंशात म्हाळुंग बाप म्हणून हाय, हे आता जनुकांच्या अभ्यासातनं सिद्ध झालंय. मूळ रान हिमालयाच्या पायथ्याला, ईशान्येकडं.

रानवाटा_कोल्हापूर:
थांबा थांबा, फळावरून ठरवू नका. जंबेरी म्हणून दुसरं एक लिंबू हाय, तिची सालपण खडबडीत असते, फक्त तिच्यात रस बऱ्यापैकी असतो. पान बघा. बाकीच्या लिंबूवर्गात देठ आणि पान जुळतात तिथं सांधा दिसतो, म्हाळुंगात तो नसतो आणि देठाला पंखासारखी पट्टीपण नसते. अजून खात्री पाहिजे तर बी पेरा, जंबेरीच्या एका बीतनं बऱ्याचदा दोन-तीन रोपं येतात, म्हाळुंगाच्या बीतनं एकच. आणि दाजीपूरकडच्या जंगलात जे माकडलिंबू म्हणतात ते वेगळंच, त्याची फळं बारकी असतात, त्याच्यात आणि ह्याच्यात गल्लत नको.

पाटलाचा_मळा:
बरोबर, सांध्याचं मला सांगायचंच राहिलं होतं. आता लावायचं म्हणाल तर काडीनं लावा, बीच्या नादाला लागू नका, वेळ जातो. जून झालेल्या फांदीची वीतभर काडी, पाला काढून, पावसाच्या सुरुवातीला पिशवीत, सावलीत ठेवायची, म्हाळुंगाची काडी लगेच मुळं धरते. साधारण तीन वर्षांत फळ. पण शिरोळची काळी जमीन आणि त्यात पुराचं पाणी, तिथं डिंक्या येऊन झाड बसणार बघा, बुंध्यातनं डिंक गळायला लागला की मग काय हातात राहत नाही. उसाच्या सरीला तर अजिबात नको. लावायचंच असेल तर उंच वरंब्यावर, बुंध्याला पाणी न लागू देता. कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसणाऱ्या अळ्या येतील, त्या लिंबाच्या फुलपाखराच्या, रोप लहान असेल तर हातानं वेचा, मोठ्या झाडाला चार पानं गेली तर काय फरक पडत नाही.

सुगरण_राजारामपुरी:
ओ, पण खायचं कसं ते कोणीच सांगेना! रस शोधू नका, पांढरी सालच खायची, ती कडू नसते. वरची पिवळी साल पातळ किसून वेगळी ठेवा, वास लई मस्त. पांढऱ्या भागाच्या फोडी एकदा उकळून पाणी टाकून द्या, मग साखरेच्या पाकात मुरंबा, नाहीतर मीठ-तिखट लावून लोणचं, फोड मऊ व्हायला वेळ लागतो तेवढा धीर धरा. आणि मुतखडा विरघळतो वगैरे व्हॉट्सॲपवर फिरतंय, त्याच्या नादानं डॉक्टर सोडू नका.

बांधावरचा_पाव्हणा:
आत्ता मामांना फोटो मागवला, पानाला सांधा कुठंच नाही. म्हणजे म्हाळुंग. शिरोळचा बेत कॅन्सल, मामांच्याच तांबड्या मातीत काड्या लावतो. ताई, मुरंब्याला साखरेऐवजी गूळ चालतोय का?

सुगरण_राजारामपुरी:
चालतोय की, कोल्हापुरात बसून साखर कशाला. फक्त बिनकेमिकलचा गूळ घेतला तर रंग गडद येणार, करपला म्हणून टाकू नका.