'ओ/डी ऑफ'चं बटण नक्की करतं काय? चौथा गिअर कधी हवा, कधी नको

चाकवाला_नाशिक
२०१९ ची सेकंडहँड सात सीटर पेट्रोल आहे, ४ स्पीड टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. लिव्हरवरचं बटण दाबलं की मीटरवर 'ओ/डी ऑफ' पेटतं. शंका अशा: दिवा पेटलेला ठेवायचा की विझलेला? गाडी भरलेली असताना ७५-८५ च्या वेगात हलक्या चढावर ती सारखी गिअर बदलत राहते, त्यावर उपाय काय? आणि सपाट रस्त्यावर ७० च्या आसपास ॲक्सिलरेटर तेवढाच धरला तरी आरपीएम एकदम ३०० ने खाली येतो, तो चौथा पडतो म्हणून की आणखी काही?

दातचाक
दिवा विझलेला म्हणजे ओव्हरड्राइव्ह (ओ/डी, इथे चौथा गिअर) चालू. पेटलेला म्हणजे गिअरबॉक्सला चौथ्यात जायची मनाई, बस. बरेच जण दिवा पेटवून 'पॉवर मोड' लावला असं समजतात. ताकद वाढत नाही, फक्त गाडी तिसऱ्याच्या वर जात नाही.

तिसरा गिअर १:१ असतो, इंजिनकडून आत येणारा शाफ्ट आणि बाहेर जाणारा शाफ्ट सारखेच फिरतात. चौथा साधारण ०.७. म्हणजे आतला शाफ्ट ०.७ फेरा घेतो तेव्हा बाहेरचा पूर्ण एक घेतो. हे प्लॅनेटरी सेटमुळे जमतं. मधे सन गिअर, त्याभोवती प्लॅनेट दातचाकं, ती ज्यावर बसवलेली असतात तो कॅरिअर आणि सगळ्यात बाहेर रिंग. सन गिअर ब्रेकने जाम धरायचा, इंजिनची ताकद कॅरिअरला द्यायची आणि रिंगमधून बाहेर काढायची. सनला ३० दात आणि रिंगला ७२ असतील, तर कॅरिअरच्या एका फेऱ्यात रिंग १ + ३०/७२, म्हणजे १.४२ फेरे फिरते. रेशो झाला ०.७०६.

टोयोटाच्या ए३४०ई बॉक्समध्ये ओव्हरड्राइव्हचा असा वेगळा सेटच पुढे बसवलेला आहे. पहिल्या तीन गिअरमध्ये एक क्लच सन आणि कॅरिअर एकत्र बांधतो, त्यामुळे सगळा सेट एकसंध फिरतो. चौथ्यात तो क्लच सुटतो आणि ब्रेक सनला पकडतो. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांत मांडणी वेगळी असते, पण तत्त्व हेच.

आता आकडे. टायर १८५/६५ आर१५ धरला तर परिघ सुमारे १.९५ मीटर, म्हणजे १०० किमी वेगाला चाक मिनिटाला ८५४ फेरे घेतं. फायनल ड्राइव्ह (गिअरनंतर चाकांकडे जातानाचा शेवटचा रेशो) ४.३ धरा. तिसऱ्यात इंजिन ३६७० वर, चौथ्यात २५७० वर. आवाज आणि पेट्रोल दोन्ही त्या ११०० आरपीएममध्ये वाचतं. पण चाकावर पोचणारा टॉर्कही तिसऱ्यापेक्षा ३० टक्के कमी, आणि तुमची चढावरची कटकट तिथूनच सुरू होते.

घाटरस्ता
चढावरच्या धरसोडीचं कारण असं: गिअर कधी बदलायचा हे संगणक वेग आणि ॲक्सिलरेटर किती दाबलाय यावरून ठरवतो. भरलेली गाडी, एसी चालू, हलका चढ. चौथ्यात वेग पडतो, तुम्ही पाय दाबता, तिसरा पडतो, वेग वाढतो, तुम्ही पाय सैल करता, पुन्हा चौथा. प्रत्येक वेळी कन्व्हर्टरचं लॉक-अपही (इंजिन आणि गिअरबॉक्स थेट जोडणारा आतला क्लच) सुटतं आणि त्या घसरणीत तेल तापतं. चढ सुरू होताना बटण दाबा, संपला की परत दाबा. इतकंच. ओव्हरटेकलाही तसंच, गाडी बाहेर काढायच्या आधी दाबलं तर किकडाउनची (पाय जोरात दाबल्यावर बॉक्सने स्वतः खालचा गिअर टाकण्याची) वाट बघावी लागत नाही.

उतारावर मात्र लोक फसतात. आंबोली उतरताना वेग ४० असेल तर बॉक्स बहुधा चौथ्यात नसतोच, मग ओ/डी ऑफ करून काय मिळणार? तिसऱ्यात ४० ला इंजिन जेमतेम १४७० वर असतं, ते गाडीला अडवत नाही. तिथे लिव्हर '२' वर घ्या. दुसऱ्याचा रेशो १.५७ च्या आसपास असतो, म्हणजे २३०० आरपीएम, आणि ब्रेकवरचा भार लगेच कमी झालेला कळतो. ८० ला '२' टाकू नका, इंजिन ४६०० वर जाईल आणि गाडी हिसका देईल. आधी ब्रेकने ५० च्या खाली आणा. उलट कसारा किंवा खंबाटकीच्या रुंद रस्त्यावर ६०-७० ने उतरत असाल तर ओ/डी ऑफ पुरतं.

'आरपीएम वाढला म्हणजे पेट्रोल जळतं' ही भीती उताराला लागू नाही. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला आणि इंजिन आयडलच्या बरंच वर असेल तर इंजेक्टर बंदच असतात.

सिटीमोड
माझं मत, शहरात कायम ऑफ ठेवा. विनाकारण चौथा पडून गाडी रडत नाही.

दातचाक
@सिटीमोड, ऑफ ठेवल्याने बॉक्स बिघडत नाही, पण सिग्नल ते सिग्नल २०-४० ने चालणाऱ्या गाडीत चौथा येतच नाही, मग बटणाचा उपयोग शून्य. रिंगरोडवर सारखं ४५-६० चालू असेल तर ऑफ ठेवणं पटतं. तोटा एवढाच की मोकळ्या रस्त्याला लागल्यावर लोक विसरतात आणि १०० ने तिसऱ्यात पळवतात. काही जुन्या गाड्यांत बटण ठेवलं त्याच स्थितीत राहतं, चावी बंद-चालू केली तरी ऑफच. 'ॲव्हरेज पडलं' म्हणून येणाऱ्या तक्रारीत आधी तो दिवा बघावा.

मूळ प्रश्नातला ७० चा ३०० आरपीएम म्हणजे चौथा गिअर नव्हे, लॉक-अप. कन्व्हर्टरमध्ये एरवी तेलातून ताकद जाते, त्यात थोडी घसरण असतेच. वेग स्थिर झाला की आतला क्लच दोन्ही बाजू जोडतो आणि ती घसरण संपते. तिसऱ्यातून चौथ्यात ७० ला साधारण ७५० ते ८०० आरपीएम उतरायला हवा. खात्री करायची तर मागेपुढे कोणी नसलेल्या सरळ रस्त्यावर ७० ने जाताना ॲक्सिलरेटर तसाच ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडल फक्त स्टॉप लाइट लागेल इतकंच हलकं टेकवा. आरपीएम २००-३०० ने चढला आणि पाय काढल्यावर परत उतरला तर ते लॉक-अप. पायाचा अंदाज नसेल तर या फंदात पडू नका, गाडीच्या संगणकाला जोडायच्या स्कॅनरच्या लाइव्ह डेटात गिअर आणि लॉक-अप दोन्ही दिसतं.

चाकवाला_नाशिक
आभार. आणि चौथा मुळात पडतच नसेल तर कुठून सुरुवात करायची? गॅरेजवाले थेट बॉक्स उघडायचं बोलतात.

घाटरस्ता
बॉक्स सगळ्यात शेवटी. आधी इंजिनचं तापमान बघा. इंजिन थंड असेल तर संगणक मुद्दाम चौथा आणि लॉक-अप देत नाही. थर्मोस्टॅट उघडा अडकला असेल तर हायवेवर पाणी तापतच नाही आणि बिघाड गिअरबॉक्सचा वाटतो. स्कॅनरवर पी०१२८ हा बिघाडाचा कोड आला तर तोच संशय. मग ब्रेक पेडलवरचा स्विच. तो चिकटून राहिला तर संगणकाला कायम ब्रेक दाबलेला दिसतो आणि लॉक-अप कधीच लागत नाही. मागचे स्टॉप लाइट कोणाला तरी बघायला सांगा, पैसे लागत नाहीत.

पुढे कोड. पी०७५० आणि पी०७५५ शिफ्ट सोलेनॉइडचे (गिअर बदलणारे विजेवरचे व्हॉल्व्ह), त्यात वायर, कनेक्टर आणि कॉइलचा रेझिस्टन्स आधी तपासायचा. पी०७४१ लॉक-अप न लागण्याचा. पी०७३४ म्हणजे चौथ्याचा हुकूम गेला पण रेशो जुळला नाही, म्हणजे आत क्लच किंवा ब्रेक घसरतोय. बॉक्स उघडायची भाषा तिथे सुरू होते, त्याआधी नाही. काही जुन्या टोयोटात ओ/डी ऑफचा दिवा स्थिर न राहता लुकलुकतो, तो बटणाचा नसून कोड साठल्याचा इशारा असतो.

दातचाक
एक राहिलं, तेल. गाडी नीट तापवून सपाट जागी उभी करा, हँडब्रेक ओढा, पाय ब्रेकवर ठेवून इंजिन चालू असताना लिव्हर सगळ्या जागांतून सावकाश फिरवून 'पी'मध्ये आणा, मग डिपस्टिक काढा. 'हॉट' खुणांच्या आत पाहिजे. थंड गाडीत किंवा इंजिन बंद करून मापलेली पातळी धरू नका. रंग गडद तपकिरी आणि वास जळका असेल तर बदला. ड्रेन बोल्टमधून निम्म्याच्या आसपास तेल निघतं, बाकी कन्व्हर्टरमध्येच राहतं, म्हणून थोडी गाडी चालवून एकदोनदा परत करावं लागतं. पॅन काढलाच तर मॅग्नेट बघा. बारीक राखाडी लगदा चालतो, चमकणारे तुकडे दिसले तर नुसतं तेल बदलून भागणार नाही. ग्रेड मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच घ्यायचा. 'सगळ्या गाड्यांना चालतं' म्हणून सीव्हीटीचं (ठरावीक गिअर नसलेल्या पट्ट्याच्या ऑटोमॅटिकचं) तेल यात ओतू नका, घर्षणाचा हिशोबच वेगळा आहे.